सांध्यावरचा पाय

संजू, पिंप्राळ्याच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. मागे रणगाडा, वर तिरंगा, मध्ये माझ्या मुलीच्या लग्नातला मामाचा फेटा बांधलेला तू, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सीमेवर पोचली जळगावची चटई’. चटई सीमेवर पोचलेली नाही. रणगाडा तू जन्मात जवळून पाहिला नाहीस. या कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही अशी सही करून आलेला माणूस तू, कारखान्यात माझ्याशी बोलतानासुद्धा आधी दार लावून घ्यायचास. आणि फ्लेक्स कुणी लावला? शेजारच्या गाळ्यातल्या त्याच महाशयांनी, जे तुला ‘चटईवाला शास्त्रज्ञ’ म्हणून चारचौघांत हसायचे. दहाव्याला माझ्यासमोर डोळे पुसत होते. मी म्हटलं, भाऊ, डोळे नंतर पुसा, आधी तो रणगाडा उतरवा.

अजून उतरवलेला नाही. उतरवतील. मी धुळ्याच्या दुकानात इतकी वर्षं गिऱ्हाइकांशी भांडून काढलीत, एक फ्लेक्स काय चीज आहे.

पण माझा खरा राग त्यांच्यावर नाही, तुझ्यावर आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं सगळ्या बायका मला समजावून गेल्या. का धरू नये? तू काय साधू होऊन गेलास? आपल्या दोघांच्या नावावरचा कारखाना, मागावर अर्धवट विणलेली चटई, मीनाच्या पदरात दोन पोरी, हे सगळं टाकून भरदुपारी निघून गेलास. आणि जाण्याआधी मला जे सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाहीस. मोठ्या बहिणीला नाही, बायकोला अर्धंच, आणि डॉक्टरला गोड बोलून.

तो दिवस आठवतो का, आपल्या उद्योजकांच्या हॉलमध्ये संरक्षण संशोधनवाल्यांची सभा होती तो? मला तूच ओढून नेलं होतंस. मी समोशासाठी आले होते, हे मी तेव्हाही लपवलं नव्हतं. व्यासपीठावरचे साहेब सांगत होते, छोट्या कारखानदारांनी पुढं यावं, नव्या कल्पना आणाव्यात, प्रयोगशाळा पाठीशी उभी राहील. माझ्या मनात आलं, सरकारी काम आणि सहा महिने थांब. तू मात्र पुढच्या खुर्चीत सरकून बसलास. घरी येताना स्कूटरवर सारखा मागं वळून बोलत होतास, मी ओरडत होते, अरे समोर बघ. “अक्का, वाळूमा गाडी रुतस ना, त्यावर आपली चटई टाकी तं?” लग्नात पंगतीला अंथरायची चटई लष्कराच्या गाडीखाली घालायला निघालेला भाऊ. मी हसले. मी आणि शेजारचे महाशय, आम्ही दोघांनी तुला एकाच आठवड्यात हसून घेतलं.

मग तू जे केलंस ते फक्त आपल्याच धंद्यातला माणूस करील. चटईची गुंडाळी खांद्यावर, पिशवीत केळ्याच्या वेफर्सची पाकिटं, आणि थेट प्रयोगशाळेच्या फाटकावर. आपण नव्या गावात दुकानदाराकडं जातो तसा. आधी वेळ मागायची, अर्ज करायचा, हे डोक्यातच नाही. नमुना दाखवला की माल खपतो, ही आपल्या वडिलांची, आबांची, शिकवण. फाटकावरच्या जवानानं वेफर्स घेतले नाहीत आणि तुलाही आत घेतलं नाही. उन्हात चटई अंथरून त्यालाच तिचे गुण सांगत बसलास म्हणे. तो बिचारा उभ्यानं ऐकत होता, कारण त्याला जागा सोडता येत नव्हती.

परत आलास तेव्हा मला वाटलं, भूत उतरलं. कसलं उतरतंय. तू त्यांची संकेतस्थळं धुंडाळायला लागलास आणि मला रोज फोनवर धडे द्यायला लागलास. “अक्का, ते माल लेतस नही. त्यासना एक प्रश्न ऱ्हास, त्यानं उत्तर लेतस.” त्यांनी मांडलेल्या अडचणींची एक यादी असते, त्यातली एक आपण उचलायची, ती कशी सोडवू ते लिहून द्यायचं, मग छाननी, मग बोलावणं, मग समितीपुढं उभं राहणं. पैसे एकरकमी मिळत नाहीत, कामाचा एकेक टप्पा दाखवला की पुढचा हप्ता. जे तयार होईल त्यावर त्यांचाही हक्क आणि आपलाही. हे ऐकून मी उसळलेच होते. आपली चटई, आपला माग, आपला घाम, आणि हक्क वाटून? तू म्हणालास, “वाळवंट आपलं शे का? गाड्या आपल्या शेतस का? तपासणार कोठे?” आजही ते आठवलं की राग येतो.

पहिल्या अर्जात तू काय लिहिलं होतंस, सांगू लोकांना? चटई वाळूत चालते, चिखलात चालते, धान्य वाळवायला चालते, मांडवात चालते, पाऊस आला तर डोक्यावर घ्यायला चालते. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे रक्तातच. तुला मार्गदर्शक म्हणून ज्या मॅडम नेमल्या त्यांनी सगळं कापलं. “संजयजी, गाडी वाळूत रुतली. एवढंच बोला.” त्या दिवशी तू पडलेल्या चेहऱ्यानं फोन केलास आणि मला बरं वाटलं. माझ्या भावाला गप्प करणारं कुणीतरी भेटलं होतं.

आता आबांचं सांगते, कारण त्याशिवाय आपलं भांडण कुणाला कळायचं नाही. आबा साक्रीच्या बाजारात चटया विकायचे. आपण दोघं बरोबर. गिऱ्हाईक आलं की आबा झटक्यात गुंडाळी सोडायचे, चटई सळसळत पार त्याच्या पायापर्यंत जायची. मागाची रुंदी तेवढी, म्हणून मोठी चटई म्हणजे दोन पट्टे जोडलेले, मध्ये सांधा. उणं असलं तर तिथंच. त्या जागी माझं काम असायचं उभं राहायचं. सहज उभं राहिल्यासारखं. एकदा मी चुकून दुसरीकडं उभी राहिले, तर आबा दातांतल्या दातांत म्हणाले, “देखी काय ऱ्हायनी? पाय ठेव त्यावर.” गिऱ्हाईक चटई घेऊन जायचं, आणि खोटं कुणी काही बोललेलं नसायचं. सगळा बाजार हेच करायचा. अजून करतो. मी दुकानात आजही करते, चप्पल काढून, अदबीनं.

तू कधी सांध्यावर उभा राहिला नाहीस. तू लहान होतास, तुझं वजन पुरायचं नाही.

समितीपुढं जायचं ठरलं तेव्हा कारखाना दोघांचा म्हणून मीही आले. फाटकावर मोबाईल काढून घेतले तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. आत लांबलचक टेबल, पलीकडं ओळीनं बसलेली माणसं, एकाच्याही चेहऱ्यावरची माशी हलत नाही. तू जमिनीवर चटई सोडलीस. आबांसारखीच, एका झटक्यात. सळसळ ऐकून दोघेतिघे उठून पुढं आले. आणि माझा पाय आपोआप सांध्यावर गेला. मला कुणी सांगितलं नव्हतं. एक पिकल्या केसांचे साहेब वाकून बघत म्हणाले, “बढ़िया है. इसमें कमी क्या है?” मी म्हटलं, “काही नाही साहेब, एक नंबर माल.”

आणि तू, सगळ्यांसमोर, मोठ्या बहिणीला म्हणालास, “अक्का, पाय उचल.”

मी उचलला नाही. तू वाकून माझा पाय बाजूला सारलास. मग त्यांना म्हणालास, सरळ गेलात तर कितीही वेळा जा, पण गाडी वळली आणि वाळू ओली असली की इथून सुटते. कशी सुटते, किती सुटते, कोणत्या वजनाला सुटते, सगळं सांगत बसलास. विकणाऱ्यानं आपल्याच मालाचे असे वाभाडे काढलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. ते लोक मात्र आता खुर्च्या सोडून चटईभोवती बसले होते.

परतीच्या गाडीत मी तुझ्याशी मनमाडपर्यंत बोलले नाही. नंतर बोलले ते सगळं डबा ऐकत होता. म्हटलं, उणं सांगायचं तर मला कशाला नेलंस, माझा पाय धरायला? तू शांतपणे म्हणालास, “अक्का, गिऱ्हाईक घरी जाईसन चटईवर बसस. आठे त्यावर माणूस जाणार शे. सुटनी तं तो तठेच ऱ्हाई.” मी म्हटलं, बरं, आणि नाही म्हणाले तर? तू म्हणालास, मोडतं कुठं हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते जवळ करतात. ज्याची वस्तू कधीच मोडत नाही, त्याच्याशी त्यांना बोलायलाच काही नसतं. ते भांडण तसंच राहिलंय. ते हो म्हणाले, तरी मी तुझं बरोबर होतं असं म्हटलं नाही, आणि आजही धुळ्याच्या दुकानात तुझी पद्धत चालवली तर महिन्याभरात शटर ओढावं लागेल.

पण गिरणा नदीतले दिवस चांगले होते, हे मान्य करते. सलीमभाईंनी त्यांचा केळी वाहायचा ट्रक दिला. त्यात विटा भरून तो नदीच्या पात्रात नेऊन मुद्दाम रुतवायचा, आणि मग चटईवरून बाहेर काढायचा. गिरणेच्या पात्रात ट्रक दिसल्यावर लोकांना दुसरं काय वाटणार? तलाठी भाऊसाहेब मोटरसायकल घेऊन धावत आले. “वाळू भरी ऱ्हायनात का?” तू हात जोडून म्हणालास, “भरत नही हो भाऊसाहेब, वाळूमधून निंघी ऱ्हायनूत.” त्यांचा विश्वास बसेना. ट्रकच्या मागं जाऊन विटा मोजायला लागले, आणि तेवढ्यात त्यांचीच मोटरसायकल चाकापर्यंत रुतली. ती आपल्या चटईवरून बाहेर काढली, तेव्हा म्हणतात कसे, एखादा तुकडा उरला तर आमच्या अंगणाला द्या. तू हसून हसून वाळूत बसलास. मी तुला तसं हसताना लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिलं. त्यासाठी तुझे आभार मानायला हवेत. मानते.

दुसऱ्यांदा पात्रात उतरलो, तेव्हाही तू खाली बसलास. पण हसत नव्हतास. ट्रकच्या फळीला टेकून, हात छातीवर. मी विचारलं, काय होतंय रे? “काही नही शे अक्का. गॅस शे.” सकाळी शेव-मुरमुरे खाल्ले होते, मी मानलं. न मानायला तू कारण दिलं नाहीस. लगेच उठून सांधा तपासायला लागलास, नवीन शिवण किती टिकली ते सलीमभाईंना दाखवायला लागलास.

मीनानं मला सगळं सांगितलं ते तू गेल्यानंतर, स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होत असताना. डॉक्टरांनी तुला भरती व्हायला सांगितलं होतं. तपासणी करू, लागलं तर लगेच पुढचं करू, असं म्हणाले होते. तू म्हणालास, चाचणी होऊ द्या, मग येतो. आणि मीनाला शपथ घातलीस की अक्काला सांगायचं नाही, अक्का चाचणीच रद्द करील. बरोबर ओळखलंस. रद्द केलीच असती. तुझ्या मॅडमना फोन करून सांगितलं असतं की माझा भाऊ आजारी आहे, तुमची वाळू कुठं पळून जात नाही. मी मीनावरही ओरडले. ती रडत म्हणाली, “अक्का, त्यांनी मला शपथ घातली होती हो.” मग मीही रडले, आणि भात करपला.

म्हणजे बघ. चटई कुठं सुटते हे टेबलापलीकडच्या परक्या माणसांना वाकून वाकून दाखवलंस. त्यासाठी माझा पाय धरून बाजूला केलास. आणि स्वतः कुठं सुटतोयस, त्यावर मस्त पाय रोवून उभा राहिलास. आबांनी शिकवलेलं तुला कधी जमत नाही, असं मला वाटायचं. चांगलं जमत होतं. माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी त्यांना वाट्टेल ते बोलले. सांत्वन करायला फोन केला होता त्यांनी, आणि भीत भीत हेही विचारलं की चाचणीचं मैदान ठरलंय, भागीदार म्हणून तुम्ही येऊ शकाल का, नाहीतर प्रकल्प बंद करावा लागेल. मी म्हटलं, करा बंद. तुमच्या तारखेपायी माझा भाऊ गेला. त्या म्हणाल्या, “ताई, त्यांनी आम्हाला एकदा जरी सांगितलं असतं, तर तारीख मीच पुढं ढकलली असती. असं आम्ही करतो. कुणी सांगतच नाही.” मी फोन ठेवून दिला. तो राग मला अजून त्यांच्यावर काढता येत नाही, आणि खाली ठेवताही येत नाही.

गेले मी. मीना म्हणाली म्हणून गेले. ती म्हणाली, अक्का, ती चटई मागावर तशीच आहे, मला रोज दिसते. कारागिरांनी ती पुरी केली आणि मी ती, आणि जोडीला आधीची एक, घेऊन त्या मैदानावर गेले. कुठं ते सांगणार नाही, मापं आणि धाग्यातला मसाला सांगणार नाही, मीही सही केलीय. वाळू होती, ऊन होतं, पाण्याचा टँकर मुद्दाम आणला होता, आणि गणवेशातली माणसं होती. तुझ्यासाठी कुणीतरी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. मला ते आवडलं नाही. मला वाटत होतं, पटकन उरका आणि मला धुळ्याला जाऊ द्या.

गुंडाळी मीच सोडली. झटका नीट बसला, आबांचा आणि तुझा बसायचा तसा. चटई सळसळत गेली, सगळे पुढं आले. मॅडम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “ताई, ही कुठं सुटते?”

मी खाली बघितलं. माझा पाय सांध्यावर होता. इतकं सगळं होऊनसुद्धा तिथंच होता.

एकदा वाटलं, नाही सांगत जा, चालू दे गाडी, टिकली तर टिकली, संजूचं नाव राहील. मग मी पाय उचलला आणि म्हटलं, “इथं. वळताना. ओली असली की.”

गाडी चालवणारा जवान खाली उतरला. वाकून बोटानं सांधा चाचपला. माझ्या मुलाच्या वयाचा असेल. फार विचारही केला नाही त्यानं. सोबत्याला म्हणाला, “मोड़ पर दोहरी बिछा देंगे. ऊपर वाली आड़ी डालो, जोड़ पर जोड़ नहीं आना चाहिए.” त्यांनी वळणावर दुसरी चटई आडवी टाकली. टँकरनं पाणी मारलं. गाडी आली, वळली, आणि निघून गेली. पुन्हा आली, पुन्हा वळली. खालचा सांधा सुटला होता, पण वरच्या चटईनं गाडी रुतू दिली नाही. मॅडम लिहून घेत होत्या. पुढं अजून पुष्कळ चाचण्या आहेत म्हणे, होईल की नाही ते आत्ताच कुणी सांगू शकत नाही.

सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी त्या वाळूत तुझ्यावर भडकून उभी होते. एवढंच होतं रे. सांगितल्यावर एक अनोळखी पोरगा वाकला आणि त्यानं दुहेरी अंथरली. मी, मीना, सलीमभाई, त्या मॅडम, आम्ही एवढी माणसं तुझ्या भोवती उभी होतो. तुझ्याखाली आम्ही चौपदरी अंथरली असती.

एकदा पाय उचलायचास ना, संजू.